गावचं ताट गावातच भरायचं असेल तर आधी सही कोणाची लागते ते शोधा

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. जळगाव जिल्ह्यात पारोळा तालुक्यातलं गाव, शिवारात सगळीकडे कापूस आणि मका, भाजी बाहेरून टेम्पोने येते, शाळेच्या खिचडीत बटाट्याशिवाय काही दिसत नाही, पोरं सकाळी सकाळी चटकमटक खाऊची पाच रुपयाची पुडी हातात घेऊनच शाळेत जातात, आणि तुम्ही बचत गटातल्या सहा-सात जणी ठरवून बसल्यात की हे बदलायचं. तुम्ही विचारलंय की सुरुवात रॅलीने करावी, सेंद्रिय महोत्सव घ्यावा की घरोघर परसबागा लावाव्यात.

माझं उत्तर सरळ आहे. रॅली नको, महोत्सव आत्ता तरी नको, आणि परसबाग चांगली असली तरी पहिलं पाऊल ते नाही. तुमच्या गावात सरकारच्या पैशाने रोज किती ताटं वाढली जातात ते आधी मोजा, आणि प्रत्येक ताटात काय पडायचं हे कोणाच्या सहीने ठरतं ते शोधून काढा. शाळा, अंगणवाडी, रेशन दुकान, जवळपास आश्रमशाळा किंवा वसतिगृह असेल तर ते, आणि आठवडी बाजाराची जागा. खाण्याबद्दल लोकांना समजावत फिरण्यात वर्षं जातात, खरेदी बदलली की मात्र दोन-तीन महिन्यात ताट बदलतं. हे मी धुळ्यापासून चोपड्यापर्यंत बऱ्याच गावात बघितलंय म्हणून इतक्या ठामपणे सांगतोय.

शाळेपासूनच सुरू करा. पोषण आहारात तांदूळ सरकारकडून येतो, डाळ-तेल-मसाला ग्रामीण भागात बहुतेक ठिकाणी वरून ठरलेला पुरवठादार देतो, त्यात तुम्ही काही करू शकत नाही असं समजा. पण भाजीपाला आणि इंधन हे गावपातळीवर विकत घेतलं जातं, त्यासाठी वेगळे पैसे येतात आणि ते मुख्याध्यापक खर्च करतात. ही फट छोटी आहे पण तुमची आहे. नियमाप्रमाणे पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज 50 ग्रॅम भाजी आणि सहावी ते आठवीच्या मुलाला 75 ग्रॅम मिळायला पाहिजे. आता हिशोब करा, खालच्या वर्गात 100 पोरं आणि वरच्या वर्गात 60 असतील तर पाच किलो आणि साडेचार किलो, म्हणजे रोज साडेनऊ किलो भाजी. महिन्यात 24 दिवस शाळा धरली तर सव्वादोनशे किलोच्या वर जाते. एवढी भाजी तुमच्या गावातली चार-पाच घरं विहिरीच्या पाण्यावर सहज काढू शकतात, आणि हा रोजचा ठरलेला गिऱ्हाईक आहे जो भाव पाडून पळून जात नाही.

मग विचारायचं कुठे? शाळा व्यवस्थापन समितीत. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने या समितीत 75 टक्के पालक असायला हवेत आणि निम्म्या महिला. तुमच्या गटातल्या कितीजणींची पोरं त्या शाळेत आहेत? त्यातली एखादी तरी समितीत असेलच, आणि नसेल तर पुढच्या निवडीला उभं राहायचं. समितीची बैठक दर महिन्याला व्हायला पाहिजे. तिथे लेखी मागणी ठेवायची, एकच, आणि नेमकी. "शाळेतला आहार सुधारा" असं लिहिलं तर त्यावर सगळे हो म्हणतील आणि काहीच होणार नाही. "आठवड्यातून तीन दिवस गावातल्या अमुक गटाकडून हिरवी भाजी, गिलके, चवळीच्या शेंगा, गंगाफळ (लाल भोपळा) यापैकी जे निघेल ते घ्यावं, भाव दर सोमवारी पारोळ्याच्या बाजारभावावर ठरवावा, पैसे महिनाअखेर गटाच्या खात्यावर द्यावे" असं लिहिलं की समोरच्याला हो किंवा नाही म्हणावंच लागतं. ठराव झाला की त्याची नक्कल मागून घ्या.

इथे एक अडचण येणार ती आधीच सांगून ठेवतो. सरकारी पैसा वेळेवर येत नाही, कधी कधी दोन-तीन महिने थकतो, आणि भाजी पिकवणारी बाई तेवढं थांबू शकत नाही, ती दुसऱ्याच आठवड्यात माल व्यापाऱ्याला देऊन टाकते आणि मग मुख्याध्यापक म्हणतात बघा, गावातल्या लोकांचा काही भरवसा नाही. म्हणून बचत गटाच्या अंतर्गत कर्जातून एक छोटी रक्कम बाजूला काढा, भाजीवाल्या बाईला दर आठवड्याला रोख द्या आणि शाळेकडून पैसे आले की ते परत गटात जमा करा. ज्या गावांनी हे केलं नाही तिथे योजना पहिल्या पावसाळ्यातच बसली.

दुसरं म्हणजे हंगाम. शाळा जूनच्या मध्यात उघडते आणि तेव्हा आपल्याकडे भाजीचा सर्वात मोठा तुटवडा असतो, मे महिन्यात 44-45 अंश तापल्यावर काय राहणार शिवारात? त्यामुळे पहिले दीड महिने गंगाफळावर काढायचे. उन्हाळी गंगाफळ घरात माळ्यावर दोन-तीन महिने आरामात टिकतं, पोरांना गोडसर लागतं म्हणून खातातही. जूनमध्ये लावलेली गिलकी, दोडकी, चवळी, भेंडी श्रावणात सुरू होतात, आणि दिवाळीनंतर तर मेथी, पालक, कांद्याची पात, वाल, वांगी काही विचारूच नका. वांग्याचं म्हणाल तर जळगावच्या भरीताच्या वांग्याला 2016 मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, जळगावच्या केळीलाही त्याच वर्षी. पण जीआयचा माल पुण्या-मुंबईला जातो आणि तो पिकवणाऱ्या जिल्ह्यातल्या पोराच्या ताटात काय असतं हा प्रश्न कोणी विचारत नाही, तो विचारणं हेच आपलं काम.

केळीवरून आठवलं. 2023 च्या शेवटी राज्याने शाळेत आठवड्यातून एक दिवस अंडं, आणि जे अंडं खात नाहीत त्यांना केळी द्यायचं ठरवलं होतं. 2025 च्या सुरुवातीला त्यासाठीचा सरकारी निधी थांबवला आणि लोकसहभागातून करा म्हणून सांगितलं. वरून आलेली चांगली गोष्ट वरूनच जाऊ शकते. म्हणून गावाच्या ठरावावर उभी असलेली व्यवस्था पाहिजे. रावेर-यावल पट्ट्यात भाव पडला की केळीचे घड बांधावर टाकून देतात, त्याच जिल्ह्यातल्या शाळेला आठवड्याला एक केळं देणं पैशाचा प्रश्नच नाहीये, कोणीतरी शेतकऱ्याशी आणि मुख्याध्यापकांशी एकाच दिवशी बोलायला पाहिजे एवढंच. पोषण आहारात तिथी भोजनाची सोय आहेच, वाढदिवस, बारसं, वर्षश्राद्ध, कशाच्याही निमित्ताने गावकरी शाळेत जेवण किंवा फळं देऊ शकतात.

आणि शिजवलेलं जेवण शाळेत मिळतं हे सुद्धा असंच मागून मिळालंय, हे तुमच्या गटातल्या पोरींना नक्की सांगा. आधी पोरांना महिन्याला तीन किलो तांदूळ घरी न्यायला मिळायचे. 2001 मध्ये पीयूसीएल या संघटनेने सुप्रीम कोर्टात अन्नाच्या हक्काची याचिका टाकली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये कोर्टाने सांगितलं की सरकारी आणि अनुदानित शाळेत गरम शिजवलेलं जेवण द्या. त्याच केसमध्ये 2004 ला असाही आदेश झाला की अंगणवाडीचा आहार ठेकेदारांकडून घेऊ नका, गावातल्या गटांना द्या. म्हणजे तुम्ही मागताय ते काही जगावेगळं नाही.

अंगणवाडीत तीन ते सहा वर्षांच्या मुलांना गरम ताजा आहार मिळतो, तो बऱ्याच ठिकाणी बचत गटच शिजवतात. तो गट कोणता, त्याच्याशी आधी बोला. सेविका आणि मदतनीस यांना कधीही विरोधात ढकलू नका. त्यांना कमी मानधनात पन्नास रजिस्टरं भरायची असतात आणि गावातला प्रत्येकजण त्यांनाच बोलतो. त्यांना सोबत घेतलं तर कोणत्या घरातलं लेकरू वजनात घसरतंय हे तुम्हाला त्यांच्याइतकं कोणीच सांगू शकत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे 2019 ते 21, महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची 35 टक्के मुलं उंचीने खुजी आणि 36 टक्के वजनाने कमी निघाली, आणि नंदुरबारमध्ये तर वजनाने कमी मुलांचं प्रमाण निम्म्याच्या वर होतं. ही त्याच जिल्ह्याची गोष्ट आहे ज्याची मिरची देशभर जाते आणि ज्याच्या सातपुड्यात मोह, आंबा, बर्टी, भगर सगळं पिकतं.

तुमच्या कोणी नातेवाईक किंवा ओळखीच्या बायका धडगाव, अक्कलकुवा, साक्री, शिरपूर, चोपडा बाजूच्या आदिवासी गावांत असतील तर त्यांना सांगा की त्यांच्या हातात आपल्यापेक्षा जास्त आहे. 2015 पासून अनुसूचित क्षेत्रात अमृत आहार योजना आहे, गरोदर आणि स्तनदा मातांना अंगणवाडीत एक वेळचं पूर्ण जेवण, आणि त्याची खरेदी गावातली आहार समिती करते. शिवाय पेसा, म्हणजे अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांना जास्त अधिकार देणारा कायदा, जिथे लागू आहे त्या गावांना आदिवासी उपयोजनेतला पाच टक्के निधी थेट मिळतो. आहार समितीत कोण बसतं आणि अंडी कोणाकडून घेतात हे विचारलं तरी बरंच काही हलतं, कारण अंडी बाहेरून ट्रेमध्ये येतात आणि गावात घरोघर कोंबड्या फिरत असतात!

आता दादरबद्दल, म्हणजे आपल्या खानदेशी ज्वारीबद्दल थोडं सविस्तर बोलतो, कारण हा विषय माझ्या अगदी जिव्हाळ्याचा आहे. तापीच्या, पांझरेच्या काळ्या जमिनीत पावसाळ्याच्या ओलीवर येणारी दादर, ना तिला पाण्याची पाळी लागते ना फवारणी फार, आणि कडबा असा की जनावरं बाकी काही बघत नाहीत. तिची भाकर, आणि उडीद घालून दळली तर कळण्याची भाकर, सोबत भरीत किंवा मिरचीचा ठेचा, हे आपलं मूळ जेवण. मग ती मागे का पडली? लोकांना नको झाली म्हणून नाही. काढणीला मजूर लागतात, पाखरं राखावी लागतात, शेजारच्या सगळ्यांनी मका लावला की एकट्याच्या दादरवर सगळ्या गावची पाखरं उतरतात, आणि विकायला गेलं तर खरेदी केंद्रावर तिला साध्या ज्वारीचाच भाव. त्यामुळे "दादर खा" म्हणून पोस्टर लावण्यात अर्थ नाही, पेरणाऱ्याला आधीच गिऱ्हाईक लागतं.

आपल्याकडे अजूनही पुष्कळ घरं गुढीपाडवा ते आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) दरम्यान सालभराचं धान्य भरतात. ही सवय म्हणजे आपली सर्वात मोठी ताकद आहे, मोठ्या शहरात ही नाहीच. तुम्ही असं करा, भाद्रपदात, म्हणजे दादर पेरायच्या आधी, गावातल्या आणि पारोळा-अमळनेरला राहणाऱ्या गावच्याच नोकरदार घरांची वही करा. पाच माणसांचं घर एका वेळेला भाकर खात असेल तर वर्षाला दीड-दोन क्विंटल लागते. चाळीस घरांनी नावं दिली तर साठ ते ऐंशी क्विंटलची मागणी तुमच्या हातात लेखी आहे, थोडी उचल रक्कम घेतली तर आणखी चांगलं. ती वही घेऊन एकमेकांना लागून शेतं असलेल्या सात-आठ शेतकऱ्यांकडे जा, लागून असणं महत्त्वाचं कारण पाखरं राखायला सोपं जातं. कडब्याचा भाव वेगळा धरा, त्यातच शेतकऱ्याचं गणित बसतं. हे शेतकरी फवारणी न करता पिकवायला तयार असतील तर पाच किंवा जास्त जणांचा गट करून सेंद्रिय मालाचं पीजीएस प्रमाणपत्र घेता येतं, त्यात गटातले शेतकरी एकमेकांच्या शेताची तपासणी करतात, महागड्या एजन्सीची गरज पडत नाही.

रेशनचंही सांगतो. 2013 च्या अन्न सुरक्षा कायद्यात तांदूळ तीन रुपये, गहू दोन रुपये आणि भरडधान्य एक रुपया किलो असं लिहिलेलंच आहे, म्हणजे ज्वारी-बाजरी रेशनवर देणं हे कायद्यात पहिल्या दिवसापासून आहे. आता धान्य फुकट आहे पण ताटात तेच गहू-तांदूळ. राज्यात काही जिल्ह्यांत हमीभावाने घेतलेली ज्वारी रेशनवर दिली गेलीय, म्हणून मागणी करायला आधार आहे. ग्रामसभेचा ठराव करून तहसीलच्या पुरवठा शाखेत द्या आणि जिल्हा पुरवठा अधिकाऱ्यांना प्रत द्या. एका गावाच्या ठरावाने होणार नाही, पंधरा-वीस गावांचे एकाच मजकुराचे ठराव एकाच महिन्यात गेले तर जिल्ह्यात त्याची दखल घ्यावी लागते. यात मात्र धीर धरा, हे काम वर्षा-दोन वर्षांचं आहे, शाळेच्या भाजीसारखं लगेच होणारं नाही.

ग्रामसभेचं तंत्र बऱ्याच जणींना माहीत नसतं. मुख्य ग्रामसभेच्या आधी महिला ग्रामसभा घ्यावी लागते, ती कागदावर उरकली जाते कारण कोणी जातच नाही. तुम्ही जा. विषय आधी लेखी द्या, ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडून (पूर्वीचा ग्रामसेवक) पोच घ्या, शिक्का आणि तारीख असल्याशिवाय उठू नका. अमळनेर बाजूच्या एका गावात महिला ग्रामसभेत एक आजी उठून एवढंच म्हणाल्या, "आमना पोरे काय खातस, हाई आमले कोनी इचारतच नही," आणि त्या दिवशी शाळेच्या भाजीचा ठराव झाला. आधी बायकांनी तयारी केली होती, कागद तयार होता, म्हणून आजींच्या बोलण्याचा ठराव होऊ शकला.

याच ग्रामसभेत आणखी एक गोष्ट मागा जी फारशी कोणी मागत नाही. तणनाशकाला आळा. पूर्वी निंदायला गेलेली मजूर बाई संध्याकाळी पदरात चिवळ, तांदुळजा, घोळ, कुरडूची भाजी घेऊन यायची, त्या घरांची पावसाळ्यातली भाजी हीच होती, विकत घ्यायचा प्रश्नच नव्हता. आता कापसात आणि मक्यात तणनाशक मारतात, निंदणीची मजुरी पण गेली आणि भाजी पण गेली, आणि या दोन्हीचा फटका त्याच घराला बसला ज्याला जमीन नाही. शेतकऱ्याला त्याच्या शेतात काय मारायचं हे तुम्ही सांगू शकणार नाही, भांडणं होतील. पण गावठाण, गायरान, शाळेचं आवार, नाल्याचा काठ, रस्त्याच्या कडा, जिथे जिथे जागा पंचायतीच्या ताब्यात आहे तिथे तणनाशक मारायचं नाही असा ठराव ग्रामसभा करू शकते. त्या पट्ट्यात दुसऱ्याच पावसाळ्यात भाजी परत दिसायला लागते. साक्री तालुक्यातलं बारीपाडा आठवा, तिथल्या लोकांनी 1990 च्या दशकाच्या सुरुवातीपासून जंगल राखलं, नियम केले, दंड बसवले, आणि 2004 पासून तिथे रानभाज्यांची पाककला स्पर्धा भरते, या कामात पुढे असलेल्या चैत्राम पवारांना 2025 मध्ये पद्मश्री मिळाली. आज बघणाऱ्याला स्पर्धा दिसते, पण आधी दहा वर्षांपेक्षा जास्त काळ जंगल राखायचं काम झालं. महोत्सव आत्ता नको म्हटलं ते याच कारणाने, ज्या दिवशी दाखवायला स्वतःचं काहीतरी असेल त्या दिवशी खुशाल घ्या.

बाजाराच्या जागेचं थोडक्यात. 2016 पासून फळं-भाजीपाला बाजार समितीच्या आवाराबाहेर विकायला मोकळीक आहे, त्यामुळे परवान्याची भीती बाळगू नका. खरी अडचण जागेची असते, चांगली ठिकाणं व्यापाऱ्यांनी धरलेली असतात आणि दोन पाट्या घेऊन आलेली बाई उन्हात कडेला बसते, वर बैठक फी तेवढीच. आठवडी बाजाराचा ठेका देताना पंचायतीने अट घालावी, की स्वतः पिकवलेलं विकणाऱ्या बायकांसाठी सावलीतली एक रांग राखीव आणि फी माफ. ठेक्याचा लिलाव होण्याच्या आधी मागणी गेली पाहिजे, नंतर ठेकेदार म्हणतो मी पैसे भरलेत, आणि त्याचंही बरोबरच असतं. पारोळ्यात बसायचं असेल तर 2014 चा पथविक्रेता कायदा आहे, नगरपरिषदेच्या पथविक्रेता समितीत किमान 40 टक्के सदस्य विक्रेतेच असावे लागतात. बिबडे, पापड, वाळवण विकायचं असेल तर छोट्या धंद्याला अन्न सुरक्षेची साधी नोंदणी पुरते, वर्षाला शंभर रुपये फी, ती करूनच टाका म्हणजे कोणी अडवणार नाही.

विरोध होईल. पुडीवाला दुकानदार नाराज होईल, आत्ता शाळेला भाजी देणारा नाराज होईल, कोणीतरी याला राजकारण म्हणेल, विशेषतः निवडणूक जवळ असेल तर. दुकानदाराला शत्रू करू नका, तो गावातलाच आहे. त्याला शेंगदाण्याची चिक्की, फुटाणे, राजगिऱ्याचे लाडू गटाकडून ठेवायला द्या, त्यात त्याला पुडीपेक्षा जास्त सुटलं तर तो स्वतःच पुढे करेल. आणि परसबागेचं ओझं सगळं बायकांवरच टाकू नका, आधीच पाणी भरणं, शेत, स्वयंपाक, त्यात आणखी एक काम. ज्या घरात सांडपाणी वापरता येतं आणि पुरुष पाणी घालायला तयार आहे तिथूनच सुरू करा.

तुम्ही आता एवढंच करा, शाळेचा पट, सध्या भाजी कुठून घेतात आणि समितीत कोण कोण आहे हे या आठवड्यात काढा. मागणीचा अर्ज तुमच्याच भाषेत लिहा, अर्ध्या पानाच्या वर नको, आणि बैठकीच्या आधी मला पाठवा, मी वाचून कुठे कच्चं वाटतंय ते सांगतो. मुख्याध्यापकांना बैठकीच्या आदल्या दिवशी भेटून कागद दाखवून या, सगळ्यांसमोर अचानक काढला तर चांगला माणूसही आखडतो. गंगाफळाच्या बिया कोणाकडे आहेत तेही विचारून ठेवा, घरचं बियाणं असेल तर उत्तम.